शिवलेली सहा पानं

वन्सं, परवा नैरोबीहून मधूचं पत्र आलं. तुम्ही गेल्याची तार त्याला वेळेवर पोचली होती, पण रजा मिळून बोटीत जागा मिळेपर्यंत महिना गेला असता. लढाई संपली तरी बोटी अजून ठिकाणावर आलेल्या नाहीत. त्याने लिहिलंय, "आई, शरद आणि नलू आत्याआजी कशी होती म्हणून विचारतात. त्यांना फक्त तिचा चष्मा आणि बेसनाचे लाडू आठवतात. सवडीने काही लिहून पाठव."

मला आता सवडच आहे. मी कागद घेतले, समास आखला आणि लिहिलं, "तुमची आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण." पुढे काही सुचेना. तासभर बसले. तुमच्याबद्दल मला लिहिता येत नाही, तुमच्याशी बोलता येतं. चाळीस वर्षं तेच केलं. तेव्हा शरद आणि नलू, हे पत्र आत्याआजीला लिहिलेलं आहे. तुम्ही दोघं शेजारी बसून ऐका. जे शब्द अडतील ते बाबांना विचारा.

वन्सं, मला अजून रडू आलेलं नाही. तेरावा होऊन सहा दिवस झाले. सगळं क्रमाने केलं. तुमची लुगडी धुऊन, वाळवून, घड्या घालून देऊन टाकली. पुस्तकं कपाटात लावली. तुमच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, त्यांतल्या काही आता आज्या झाल्या आहेत. त्या रडल्या, मी त्यांना पाणी दिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुमतीबाई, जरा मोकळ्या व्हा, असं कोंडून धरू नये." मी "हो" म्हटलं. पण कोंडून धरायला आत काही असावं लागतं. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत औषध टोचतो, मग गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं झालं आहे. रोज सकाळी मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागते, कारण तुमचे डोळे गेल्यापासून तीच सवय. दुसऱ्या बातमीला लक्षात येतं. मग ती बातमी मी मोठ्यानेच संपवते. मधेच थांबणं बरं वाटत नाही.

मुलांना लाडवांचं सांगून भागलं असतं. पण मला सांगायचं आहे ते एका गोष्टीबद्दल, पुस्तकातल्या. ती वाचून मी तुमच्याशी फार वाईट वागले आणि तसं का वागले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला चाळीस वर्षं होती.

मी माधवगंजातल्या या घरात आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. तुम्ही पंचविशीच्या. अकराव्या वर्षी तुमचं कपाळ मोकळं झालं होतं. मामंजींनी तुमचे केस राखले, तुम्हाला शिकवलं, आणि मी आले तेव्हा तुम्ही शहराच्या लष्कर भागातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होता. दुपारी घरी आलात की हातपाय धुऊन हाक मारायचात, "सुमती, दौत घेऊन ये." माजघरातून सासूबाई म्हणायच्या, "एक झाली शिकून, आता दुसरीला बिघडव."

तुम्ही म्हणायचात, "बिघडली तर तुझ्याच उपयोगी पडेल, आई. तुझ्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचील."

आणि खरंच, मी पहिलं इंग्रजी वाक्य वाचलं ते सासूबाईंच्या बाटलीवरचं. घेण्याआधी बाटली हलवावी, असं त्यावर लिहिलं होतं. तोवर त्या वरचं वरचं पाणीच पीत होत्या आणि वैद्यापेक्षा डॉक्टर लबाड म्हणत होत्या. त्यांनी बाटली हलवली, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "कडू आहे. म्हणजे गुण येईल. बसू दे हिला अर्धा तास रोज."

तो अर्धा तास पुढे दोन तासांचा झाला.

तुमच्या शाळेत एक पद्धत होती, ती मुलांना सांगायला हवी. इंग्रजी पुस्तकं संस्थानच्या दरबारकडून यायची, त्यामुळे पान फाडायची कोणाची छाती नव्हती. ज्या पानांवर मुलींच्या हाती पडू नये असं काही असेल ती पानं कडेने सुईदोऱ्याने शिवून टाकायची. ते काम तुमच्याकडे होतं, कारण इंग्रजीही तुम्हाला येई आणि तुमचा टाकाही बारीक. धावदोरा घालून शेवटी गाठ मारायची. शिवलेलं पान म्हणजे प्रेमाबिमाचं पान, हे शाळेतल्या चिमुरड्यांनाही ठाऊक होतं. उसवायची हिंमत कोणी करत नसे. बोटाने फट करून डोकावायच्या मात्र सगळ्या.

मला शिकवायला तुम्ही घेतलं ते पुस्तक शाळेचं नव्हतं. मुरारच्या छावणीतली एक मडम विलायतेला परत चालली होती. तिच्या सामानाच्या लिलावातून तुमच्या भावाने, म्हणजे ह्यांनी, पुस्तकांचा एक गठ्ठा आणला होता. त्यात हे गोष्टींचं पुस्तक होतं. पहिली पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे लेखकाचं नाव आपल्या दोघींनाही शेवटपर्यंत कळलं नाही. आपण पहिल्या गोष्टीपासून क्रमाने वाचत होतो.

सातव्या गोष्टीपाशी आलो तो आषाढ होता. पाऊस लांबला होता आणि लू, म्हणजे इकडचा उन्हाळी झळांचा वारा, थांबायचं नाव घेत नव्हती. दाराला खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी लावलेली, तिच्यावर पाणी शिंपडून मी आत येऊन बसायची. मला आठवा लागला होता. माझी आई नव्हती, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. तुम्ही पुस्तक माझ्यापुढे ठेवलंत. गोष्टीची मधली सहा पानं शिवलेली होती.

मी म्हटलं, "वन्सं, माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली. आता मला कशाला शिवून देता?"

"आहे तेवढी वाच. शेवटी एलन जे म्हणते ते का म्हणते, हे वहीत लिहून आण. शनिवारपर्यंत."

मुलांनो, ती गोष्ट अशी होती. एका दलदलीच्या काठी एकच घर. त्या घरात एलन, तिचा नवरा आणि नवऱ्याची थोरली बहीण मार्था राहतात. मार्थाचं लग्न झालेलं नाही. ती फारशी बोलत नाही. एलनला दिवस गेले आहेत. मार्था दिवसभर शिवणकाम करते, आणि एकदा खिडकीतून बाहेर बघत म्हणते, "या घरात मूल टिकत नाही." मग बर्फ पडायला लागतं. एलनचं पोट दुखायला लागतं. मार्था भावाला गाडी जोडून डॉक्टर आणायला पाठवते, आत येते आणि खोलीचं दार लावून घेते.

इथून सहा पानं शिवलेली.

त्यानंतर मार्था बागेतून घरात येते. हातात फावडं, बुटांना चिखल. ती स्वयंपाकघरात बराच वेळ हात धुते. एलन भिंतीकडे तोंड करून पडलेली आहे. मुलाबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. मार्था पाळणा उचलते आणि चुलीत घालते. काही दिवसांनी तिघं टेबलाशी न्याहारीला बसतात, आणि एलन मान वर करून म्हणते, "मी तुमचे आभार मानते, मार्था." गोष्ट संपली.

मी ती तीनदा वाचली. शब्दकोश घेऊन वाचली. शिवलेल्या पानांत प्रेमाचं काही असेल, हे मला खरं वाटेना. दार लावलं तेव्हा एलन बाळंत होत होती आणि दार उघडलं तेव्हा मूल नव्हतं. मधे फक्त मार्था होती आणि फावडं होतं. मी फट करून डोकावले. एका ओळीचं टोक दिसलं, त्यात "माती" हा शब्द होता. मी बोट काढून घेतलं.

ही मार्था एलनची कोण? नवऱ्याची थोरली बहीण. म्हणजे वन्संच. आणि असली गोष्ट तुम्ही मला, आठव्या महिन्यात, काढून दिलीत. का दिली असेल, याचा मी दोन दिवस विचार करत होते. ताटात भात वाढायला आलात की मी तुमच्या हाताकडे बघायची.

तुम्हाला हे कसं सांगणार? मी वहीत लिहिलं, "एलन चांगल्या वळणाची बाई होती, म्हणून ती आभार मानते."

वाचून तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "वळणाची! वा गं सुमती. बिचाऱ्या लेखकाने एवढी शाई घालवली ती वळणासाठी!"

"मग का मानते?"

"सांगेन पुढे. आत्ता नको." तुम्ही पुस्तक मिटलंत आणि फळीवर ठेवलंत. हसू मात्र संध्याकाळपर्यंत तुमच्या तोंडावर होतं.

मधूचा जन्म भाद्रपदातला. सकाळपासून कळा येत होत्या. दुपारी दाईने मान हलवली तशी तुम्ही ह्यांना म्हणालात, "टांगा काढ आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन ये. तशीच उभ्याउभ्या आण." हे गेले. टांग्याचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला. मग तुम्ही आत आलात आणि दाराला कडी घातलीत.

मी किंचाळले.

दाई म्हणाली, "बहूजी, अभी से चिल्लाओगी तो आगे क्या करोगी?" सगळ्यांना वाटलं कळ आली. कळ नव्हती. मी तुमच्या हाताकडे बघत होते. तुम्हाला वाटलं मला हात हवा आहे, म्हणून तुम्ही पुढे होऊन माझा हात धरलात, आणि मूल होईपर्यंत सोडला नाहीत. दोन तास. दुसऱ्या दिवशी तुमच्या मनगटावर माझ्या नखांचे व्रण होते. ते लपवायला तुम्ही पदर मनगटापर्यंत ओढून घेत होता, ते मी पाहिलं.

आणि तरीही मी मूल तुमच्याकडे दिलं नाही. तुम्ही शाळेतून आलात की मी म्हणायची, आत्ताच झोपलाय. किंवा दूध प्यायचंय, किंवा ओलाय. तुम्ही दाराशी उभ्या राहून बघायचात आणि म्हणायचात, "असू दे, असू दे." माझं धुणं, माझा शेक, माझा डिंकाचा लाडू, सगळं तुम्ही करत होता. बाळंतिणीच्या खोलीत विधवेने राबलेलं कोणाला खटकत नसे. राबायला चालायचं. मंगलकार्यात पुढे व्हायला चालत नसे.

बारसं उद्यावर आलं. शरद, नलू, आपल्यात बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. मधूला सख्खी आत्या एकच. आदल्या दिवशी दुपारी तुमचे आजोबा खोलीच्या उंबऱ्याशी आले. मला म्हणाले, "उद्या नाव ताईच ठेवील, असं माझ्या मनात आहे. आईशी बोललो. आई म्हणते, सूनबाईची हरकत नसेल तर माझी नाही. तुझी नाही ना?"

आजचा विचार केला तर केवढं मोठं होतं ते. त्या काळात, या घरात, सासूबाई एवढ्या हलल्या होत्या. सगळं माझ्या एका शब्दावर आलं होतं.

मी म्हटलं, "झाशीच्या चुलत वन्सं येणार आहेत ना?"

"येतील. पण ताई—"

"त्यांनाच ठेवू द्या."

हे मागे वळले. मग हळूच म्हणाले, "तू इंग्रजी शिकलीस ना गं?" आणि निघून गेले. बाहेर ओसरीवर तुम्ही मूग पाखडत होता. तुम्ही ऐकलंत हे मला कळलं, कारण सुपाचा आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी झाशीच्या वन्सं पाळण्यावर वाकल्या आणि ऐन वेळी त्यांनी वर बघून विचारलं, "काय ठेवायचं ठरलंय गं?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. स्वयंपाकघराच्या दाराआडून तुमचा आवाज आला, "मधुकर." नाव तुम्हीच काढलं होतंत, मला सहावा असताना. झाशीच्या वन्संनी ते तुमच्या तोंडून घेतलं आणि माझ्या मुलाच्या कानात सांगितलं. पाठीवर थापा पडल्या, हसणं झालं, घुगऱ्या वाटल्या. रात्र व्हायच्या आत पाहुणे गेले. सासूबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "सूनबाई शहाणी निघाली. मला वाटलं होतं, पुस्तकं वाचून पार वाहवली असेल."

या घरात त्यांनी मला एवढं कौतुकाने कधी जवळ घेतलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी, शाळेला सुट्टी होती तेव्हा, मी गच्चीवर उन्हात बाळाला तेल लावत होते. तुम्ही वर आलात. एका हातात ते पुस्तक, दुसऱ्यात कात्री. माझ्यापासून चार हात लांब बसलात. गाठ कापलीत, दोरा ओढून काढलात, पानं बोटाने मोकळी केलीत आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलंत.

"आता वाच. आता हरकत नाही."

मी वाचलं. मूल मेलेलंच जन्मलं होतं. नाव ठेवण्याआधी गेलेल्या मुलाला त्यांच्या चर्चच्या जमिनीत जागा नसते. धर्मगुरूने तसा निरोप पाठवला. मार्था स्वतःच्या खोलीत गेली. तिच्या लग्नासाठी शिवलेला, कधी न घातलेला झगा तिने पेटीतून काढला, त्यात मूल गुंडाळलं, आणि सफरचंदाच्या झाडाखाली, बर्फ उकरून, गोठलेली माती फोडून, एकटीने पुरलं. एलन खिडकीतून बघत होती. मार्थाला ते ठाऊक नव्हतं.

मी पान मिटलं. तुम्ही विचारलंत, "आता सांग. एलन आभार का मानते?"

मी सांगितलं.

"बरोबर," तुम्ही म्हणालात.

"मग शिवलं होतं का हे?"

"तू आठ महिन्यांची. तुला मेलेल्या मुलाचं वाचायला देऊ?"

"गोष्टच गाळायची होती, वन्सं."

"क्रमाने चाललो होतो ना. सहावीनंतर आठवी काढली असती तर तू विचारलंच असतंस, सातवी कुठे गेली म्हणून. आणि ते शेवटचं वाक्य तुला दाखवायची मला घाई झाली होती. मला ते फार आवडतं." मग तुम्ही बाळाकडे बघत म्हणालात, "बारशाचं तू मनाला लावून घेऊ नकोस. मला कळतं. पुस्तकं डोक्यात जातात, ही भीती पोटात असते. पोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. मी रागावलेले नाही."

वन्सं, हीच ती वेळ होती. मला एवढंच म्हणायचं होतं, "तुम्ही समजता तसं नाही. तुमच्या कपाळामुळे नाही. ही सहा पानं शिवलेली होती, त्यामुळे." तुम्हाला वाटलं होतं की तुम्ही तीन वर्षं शिकवलेल्या मुलीने तुम्हाला अशुभ मानलं. ते खोटं आहे, एवढं सांगायचं होतं. पण ते खोडायचं तर खरं सांगावं लागलं असतं. खरं हे की तुम्ही माझं मूल माराल असं मला वाटलं होतं. कुठलं जास्त लागलं असतं, याचा मला हिशोब जमेना. मी मान हलवली. तुमची माफी घेतली आणि मधूला उचलून तुमच्या मांडीवर ठेवलं. तेलाने तुमचं लुगडं खराब झालं. तुम्ही त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळू काहीतरी बोललात. मला ऐकू आलं नाही.

मधू, त्यानंतर तू तिथेच वाढलास. तुला चालता यायला लागल्यावर तू शाळेच्या वाटेवर तिचं बोट धरून जायचास आणि मी हाक मारली तर वळून बघायचा नाहीस.

वन्सं, आपलं भांडण मात्र पुढे चालूच राहिलं. माणसाला अर्धी गोष्ट द्यावी की अजिबात देऊ नये? तुम्ही म्हणायचात, "सगळं सगळ्यांना सगळ्या वयात देता येत नाही, सुमती. तू शाळेत उभी राहून बघ." मी उभी राहिले. तुम्ही मला मॅट्रिकला बसवलंत, सासूबाईंच्या तोंडावर माझा अर्ज भरलात, पुढे माझ्यासाठी शाळेत शब्द टाकलात. माझ्या आयुष्यात पाटीवरच्या बाराखडीपलीकडे जे काही आलं ते तुमच्यामुळे आलं. बावीस वर्षं शिकवल्यावरही माझं मत तेच राहिलं. मी म्हणायची, "नको असेल तर पुस्तक हातातच देऊ नका. फट ठेवली की माणूस तिथे स्वतःचं काहीतरी भरतो."

"तू काय भरलं होतंस?" एकदा तुम्ही एकदम विचारलंत. आपण शाळेतून परत येत होतो, गोरखीपाशी.

"आता आठवत नाही," मी म्हटलं.

मधूनंतर कमल झाली. तिच्या बारशाला मी स्वतः सासूबाईंना सांगितलं, नाव वन्संच ठेवतील. त्या थकल्या होत्या, त्यांनी हरकत घेतली नाही. तुम्हीच नाही म्हणालात. मी हट्ट धरला तेव्हा तुम्ही मला बाजूला घेतलंत. "तुला भरपाई करायची आहे. कर, पण पोरीच्या बारशात नको. ती तिच्यासाठी जन्मली आहे." शेवटी झाशीच्या वन्संनाच बोलावलं. तुमच्या हातून एकाही मुलाचं नाव ठेवलं गेलं नाही.

हे गेल्यावर घरात आपण दोघीच उरलो. तुमचे डोळे गेले, मग पाय गेले. मोलकरीण दिवसभर घरात असायची, म्हणून तिला कळू नये असं काही बोलायचं तर आपण इंग्रजीत बोलायचो. गेल्या महिन्यात, दुपारची वेळ होती, ती कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मी खाटेशी बसले होते. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी इंग्रजीत सुरुवात केली. मधूच्या वेळी मला तुमची भीती वाटत होती, पण तुम्ही समजलात त्या कारणाने नव्हे, असं एक लांब वाक्य मी मनात जुळवून ठेवलं होतं. ते म्हटलं.

तुम्ही तोंड माझ्याकडे वळवलंत. "काय म्हणतेस? मला आता इंग्रजी कळत नाही गं. कुठे गेलं कोण जाणे. मराठीत सांग."

तुमचं इंग्रजी कधी गेलं ते मला कळलंच नव्हतं. मराठीत ते वाक्य "वन्सं, तुम्ही" असं सुरू झालं असतं, आणि पुढचा शब्द माझ्या जिभेवर येईना. मी म्हटलं, "काही नाही. मधूचं पत्र आलं नाही अजून, एवढंच."

"येईल," तुम्ही म्हणालात. "बोटी कुठे वेळेवर आहेत."

त्यानंतर अकरा दिवस तुम्ही होता.

हे इथवर लिहून मी थांबले, जेवले, आणि आज परत सगळं वाचून पाहिलं, कारण न वाचता मी कागद पाठवत नाही. मुलांना समजावं म्हणून कुठल्या महिन्यात काय झालं ते समासात लिहीत गेले. भाद्रपदात जन्म, आषाढात गोष्ट. त्याच्या आधी काय, म्हणून आठवायला लागले. त्याच्या आधी ज्येष्ठ. ज्येष्ठात माझं डोहाळजेवण झालं.

त्या दिवशी तुम्ही मुद्दाम शाळेत थांबला होता. बायका गेल्यावर, दिवेलागणीच्या आधी आलात. दाल बाजाराच्या तोंडाशी माळीण बसायची, तिच्याकडून मोगऱ्याचा गजरा आणला होता. तुम्ही तो माझ्या केसात माळला नाहीत, हातात दिलात. म्हणालात, "तुला घालावासा वाटला तर घाल." आणि माझ्या तोंडाकडे न बघता आत गेलात. मी गजरा हातात घेऊन अंगणात उभी होते. त्याला फार चांगला वास होता. मी तो तुळशीला घातला आणि हात धुतले.

रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला तुम्हीच जात होता.

तेव्हा मला मार्थाचं नावही ठाऊक नव्हतं. हात धुतले ते तुमच्या कपाळामुळे. पुस्तकाची सातवी गोष्ट अजून महिनाभर लांब होती. चाळीस वर्षं मी समजत होते की तुम्ही मला न केलेल्या गोष्टीची माफी दिलीत आणि केलेली तुम्हाला कधी कळली नाही. वन्सं, जे मी केलं होतं, तुम्ही माफी त्याचीच दिली होती.